जिमरचे चार हिवाळे

एप्रिल २०२५मध्ये अमेरिकी बास्केटबॉलपटू जिमर फ्रेडेटने निवृत्ती जाहीर केली. वय छत्तीस. बातम्यांमध्ये त्याची ओळख जवळपास सगळीकडे एकाच साच्यातून काढलेली होती: कॉलेजात असताना अख्खी अमेरिका गाजवली, पण एनबीएत, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, टिकाव लागला नाही. आकड्यांनी पाहिलं तर यात खोटं काही नाही. तरी ते वाचताना मला फार वाईट वाटलं. कॉलेजची चार वर्षं म्हणजे नुसती तालीम, खरा खेळ पुढे व्यावसायिक मैदानावर, आणि तिथे नाव झालं नाही तर सगळंच वाया, असा तो हिशोब आहे. मी त्यातली बरीच वर्षं त्याच्या कॉलेजच्या गावाशेजारी राहिले आहे. तिथे कुणीच हा हिशोब मांडत नाही. युटा राज्यातल्या त्या खोऱ्यातल्या माणसांसाठी जिमरचे चार हिवाळे कशाचीही तयारी नव्हते. जे व्हायचं होतं ते तेव्हाच, डोळ्यांदेखत होत होतं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल हा विद्यार्थ्यांचा फावल्या वेळेतला उद्योग नाही. नोव्हेंबरात मोसम सुरू होतो, मार्चमध्ये ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. एक सामना हरलात की घरी. खेळाडू विद्यार्थीच, जास्तीत जास्त चार मोसम खेळायचे, आणि त्या काळात शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घ्यायला बंदी. ज्या गावांत व्यावसायिक संघ नाही, तिथे कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ. युटातलं प्रोवो हे असं गाव. मॉर्मन पंथाचं ब्रिगम यंग विद्यापीठ, म्हणजे बीवाययू, तिथलं. पूर्वेला वासाच पर्वताची भिंत, तिच्या उतारावर रंगवलेलं प्रचंड पांढरं 'वाय' अक्षर, पश्चिमेला सरोवर. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही प्रोवोला लागूनच असलेल्या ओरममध्ये राहायला गेलो. नागपुरात शाळा-कॉलेजात मी बास्केटबॉल खेळले होते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत बाहेर सहा वाजता अंधार पडला की टीव्हीवर सामना लावणं मला जड गेलं नाही. शेजारचे आजोबा बीवाययूचे कित्येक वर्षांचे मोसमी तिकीटवाले. आजींचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांची खुर्ची बऱ्याचदा माझ्या वाट्याला आली.

जिमर युटाचा नव्हताच. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक डोंगरांच्या पायथ्याशी ग्लेन्स फॉल्स नावाचं छोटं गाव आहे, तिथला. खरं नाव जेम्स, जिमर हे आईने ठेवलेलं लाडकं नाव. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे या खेळात ठेंगणाच. उडी बेताची, धावण्याचा वेगही डोळे दिपवणारा नाही. शाळेत त्याने गुणांचा डोंगर रचला तरी मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे फारसं वळून पाहिलं नाही. घर मॉर्मन, बहीण आधीच बीवाययूत शिकलेली, म्हणून तोही तिकडे आला.

त्याच्या मोठ्या भावाबद्दल, टीजेबद्दल, प्रोवोत सगळ्यांना माहीत होतं. हा भाऊ जिमरला चर्चच्या लांब बोळात न्यायचा, दिवे मालवायचा आणि सांगायचा, आता चेंडू टप्पे मारत पलीकडे ने. मधल्या दारांमागून स्वतः झेप घेऊन चेंडू हिसकावायचा प्रयत्न करायचा. तोच त्याला आसपासच्या तुरुंगांमध्ये कैद्यांविरुद्ध खेळायलाही घेऊन गेला. चहूबाजूंनी शिव्या, धक्के, आणि मधे हा शाळकरी पोरगा. २००७च्या जानेवारीत टीजेने एका कागदावर करार लिहिला, की मी एनबीएत खेळण्यासाठी लागतील ते कष्ट करीन, लागेल तो त्याग करीन. सतरा वर्षांच्या जिमरने खाली सही केली. तो कागद त्याच्या पलंगाच्या वर भिंतीवर लावलेला असायचा. एनबीएत चमकेन, असं त्या कागदावर कुठेच नव्हतं. खेळण्याइतपत पोचेन, एवढाच शब्द दिलेला होता.

पहिल्या वर्षी तो राखीव बाकावरून उठून खेळायचा, सामन्याला सरासरी सातएक गुण. दुसऱ्या वर्षी सोळा. तिसऱ्या वर्षी बावीसच्या वर. बीवाययूतले बहुतेक मुलगे मध्येच दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात आणि परत येऊन उरलेले मोसम खेळतात. जिमर गेला नाही. सलग चार हिवाळे तो आमच्यासमोर होता आणि दर हिवाळ्यात थोडा वाढलेला दिसायचा. हे वाढणं बघायला मिळणं ही कॉलेजच्या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, असं मला वाटतं. व्यावसायिक संघ तयार माणूस विकत घेतो. इथे आजोबा मला बोट दाखवून सांगायचे, "मागच्या वर्षी हा डाव्या हाताने आत घुसायला कचरायचा, आता बघ." आणि खरोखरच पुढच्याच मिनिटाला तो डावीकडून घुसून, अंग वाकडं करून, चेंडू फळीवर हलकेच टेकवून आत टाकायचा.

त्याचा खेळ जवळून पाहिल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. मॅरियट सेंटर हे विद्यापीठाचं बंदिस्त मैदान जमिनीत खोल गेलेलं आहे. दारातून आत शिरलं की मैदान खूप खाली दिसतं आणि पायऱ्या उतरत उतरत आपल्या खुर्चीपर्यंत जायचं. तेव्हा तिथे बावीस हजारांहून जास्त माणसं मावत. बिअर नाही, त्या काळी कॅफिन असलेला कोलासुद्धा विद्यापीठाच्या आवारात विकत नसत. सामन्याआधी प्रार्थना व्हायची, तेवढी माणसं माना खाली घालून गप्प उभी राहायची, आणि 'आमेन' म्हटल्यावर जो आवाज फुटायचा त्याने कानात दडे बसत.

जिमर चेंडू घेऊन यायचा तो जवळजवळ रेंगाळतच. मधली रेषा ओलांडताना त्याचे खांदे सैल असायचे, जणू आता कुणाला तरी पास देऊन मोकळा होणार. समोरचा बचाव करणारा दोन पावलं मागे, कारण कडी अजून लांब आहे, इथून कोण मारतंय? मग एक टप्पा नेहमीपेक्षा किंचित उशिरा पडायचा. तेवढ्या उशिरात समोरच्याचं वजन टाचांवर गेलेलं असायचं, आणि हा तीन गुणांच्या रेषेच्याही चार-पाच फूट मागून उठलेला. कॉलेजची ती रेषा तेव्हा वीस फूट नऊ इंचांवर होती, हा पंचवीस-सव्वीस फुटांवरून असा मारायचा की जणू तीच ठरलेली जागा. आज एनबीएतल्या स्टीफन करीमुळे शाळेतली पोरंही तिथून फेकून बघतात. २०१०मध्ये मात्र हे पाहून प्रशिक्षक मंडळी कपाळाला हात लावत. आणि तो फटका रोखायला कुणी अंगावर आलाच, तर एका झटक्यात चेंडू या हातातून त्या हातात, आणि बाजूने आत.

बचावात तो कच्चा होता. हे त्याच्या चाहत्यांनाही माहीत होतं आणि मला ते लपवायचं नाही. प्रशिक्षक डेव्ह रोझ त्याला बऱ्याचदा विरुद्ध संघातल्या त्यातल्या त्यात कमी धोक्याच्या खेळाडूवर ठेवायचे, मोठा मोहरा जॅक्सन एमरी सांभाळायचा. एमरीचं नाव या लेखात यायलाच हवं. जिमर जिमर म्हणून लोक नाचले, पण चेंडू चोरून त्याच्या हातात आणून देणारा पोरगा हा होता.

मार्च २०१०मध्ये बीवाययूने राष्ट्रीय स्पर्धेत फ्लोरिडाला दोन जादा डावांनंतर ९९-९२ असं हरवलं, जिमरचे ३७ गुण. या स्पर्धेत बीवाययूने १९९३नंतर एकही सामना जिंकलेला नव्हता. त्यानंतर जिमरने एनबीएच्या वार्षिक निवडीसाठी, जिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात, नाव दिलं आणि खोऱ्यात सगळ्यांनी मनोमन निरोपाची तयारी केली. मे महिन्यात त्याने नाव मागे घेतलं. चौथं वर्ष पुरं करणार, म्हणाला. ओरमच्या किराणा दुकानातली गल्ल्यावरची बाई अनोळखी गिऱ्हाइकांना ही बातमी सांगत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

मग आला २०१०-११चा हिवाळा.

विद्यापीठाने एक सामना मुद्दाम ग्लेन्स फॉल्सला नेला. डिसेंबर महिना, समोर व्हरमाँटचा संघ, आणि जिमरच्या गावच्या छोट्या सभागृहात त्याचंच कॉलेज. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूला त्याच्या गावकऱ्यांसमोर खेळवण्याची ही रीत मला फार भावते. जानेवारीत सॉल्ट लेक सिटीत युटा विद्यापीठाविरुद्ध ४७ गुण, त्यातले ३२ पहिल्या अर्ध्यातच, आणि मध्यंतराची शिट्टी वाजता वाजता जवळपास अर्ध्या मैदानातून टाकलेला चेंडू थेट जाळीत. सॅन डिएगो स्टेटविरुद्ध ४३. महिन्याअखेरीला परिस्थिती अशी झाली की जिमरचं नाव बातम्यांत क्रियापद म्हणून वापरलं जाऊ लागलं. मोसमाअखेर त्याची सरासरी होती २८.९, देशात सर्वाधिक. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून जे जे मोठे मानसन्मान दिले जातात ते सगळे त्याला मिळाले. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी संघाने सॅन डिएगोला जाऊन पुन्हा तोच सामना जिंकला आणि राष्ट्रीय क्रमवारीत तिसऱ्या स्थानी पोचला. आमच्या रस्त्यावर घराघरांवर निळे झेंडे लागले.

आणि त्याच आठवड्यात ब्रँडन डेव्हिस निलंबित झाला.

याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण बाहेरचे लोक जिमरच्या गुणांबद्दल बोलतात आणि खोऱ्यातले लोक या आठवड्याबद्दल. डेव्हिस हा संघाचा उंच मधला खेळाडू, दुसऱ्या वर्षाला, आणि प्रोवोचाच मुलगा. बीवाययूत प्रत्येक विद्यार्थी एका आचारसंहितेवर सही करून शिकतो: दारू नाही, चहा-कॉफी नाही, दाढी नाही, लग्नाआधी संबंध नाहीत. त्या संहितेचा भंग झाला म्हणून विद्यापीठाने राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर आपल्याच पहिल्या पाचातल्या खेळाडूला बसवलं. देशभर चर्चा. कुणी विद्यापीठाच्या बाणेदारपणाची वाहवा केली, कुणी टिंगल केली. मला मात्र विशीच्या आसपासच्या त्या पोराचं वाईट वाटत होतं. त्याची खाजगी गोष्ट सबंध देशाच्या तोंडी झाली होती. नियमावर सही केली तर तो पाळावा, हे मला मान्य आहे. पण शिक्षा चार भिंतींत झाली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

लगेचच्या सामन्यात न्यू मेक्सिकोने घरच्या मैदानावर संघाला १८ गुणांनी हरवलं. सभागृहात पहिल्यांदाच असं झालं की लोक खुर्च्यांवर बसून राहिले, उठून ओरडायचं सुचेना. त्यानंतरचा शनिवार, वायोमिंगविरुद्ध, जिमर आणि एमरीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. तो जिंकून संघाने, ज्या कॉलेजांच्या गटात तो मोसमभर खेळायचा, त्या गटाच्या विजेतेपदावर नाव कोरलं. अशा वेळी शिडी लावून कडीची जाळी कापायची पद्धत असते, प्रत्येक खेळाडू एकेक दोरा कापून घेतो. डेव्हिस साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसलेला होता. त्यालाही शिडीवर बोलावलं. तो चढला, त्याने आपला दोरा कापला, आणि त्या सभागृहात मी त्या वर्षभरात ऐकलेल्या सगळ्यात मोठ्या आवाजांपैकी एक तेव्हा ऐकला. शेजारी आजोबा डोळे पुसत होते. नियम मोडला, त्याची शिक्षा झाली, आणि तरी तू आमचाच आहेस, हे तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे त्या गर्दीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. डेव्हिस पुढच्या मोसमात परतला, शिक्षण पुरं केलं, पुढे युरोपात त्याची कारकीर्द छान बहरली.

त्या संध्याकाळी जिमरने किती गुण केले हे मला आठवत नाही. चाहत्यांपैकी कुणालाही विचारून बघा, बहुतेकांना आठवणार नाही.

पुढच्याच आठवड्यात लास व्हेगासला गटाच्या वेगळ्या बाद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा न्यू मेक्सिको समोर आलं आणि जिमरने ५२ गुण केले, विद्यापीठाचा विक्रम. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना हरले. राष्ट्रीय स्पर्धेत डेन्व्हरला वॉफर्ड आणि गोन्झागा यांना हरवून शेवटच्या सोळांत आले. तिथे न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा जादा डाव. या वेळी ८३-७४ने हार. जिमरचे गुण ३२, पण लांबून मारलेल्या पंधरांपैकी फक्त तीन आत गेले. पाय जड झाले होते, हनुवटीला लागलेलं होतं, आणि उंच आधार नसलेल्या संघात सगळं ओझं त्याच्याच खांद्यांवर आलेलं स्पष्ट दिसत होतं. आम्ही आजोबांच्या घरी बघत होतो. सामना संपल्यावर आजींनी टीव्ही बंद केला आणि सगळ्यांना सूप वाढलं.

एनबीएबद्दल मला फार लांबण लावायची नाही. २०११च्या निवडीत तो दहावा आला, त्याच रात्री अदलाबदलीत सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला. त्याच्या लगेच मागे अकराव्या क्रमांकावर क्ले थॉम्पसन, पंधराव्यावर कवाय लेनर्ड. दोघांच्याही हातांत पुढे विजेतेपदाची अंगठी. त्या वर्षी मालक-खेळाडूंच्या तंट्यामुळे टाळेबंदी होती, उन्हाळी सराव नाही, नाताळात मोसम सुरू. काही आठवड्यांतच किंग्जचा प्रशिक्षक बदलला. शिवाय त्याच निवडीत अगदी शेवटच्या, साठाव्या क्रमांकावर त्याच संघाने घेतलेला आयझेया थॉमस झपाट्याने पुढे निघून गेला. जिमरचा खेळ चेंडू हातात असण्यावर उभा होता. तिथे तो कोपऱ्यात उभा राहून पासची वाट बघायचा. आणि समोर त्याच्याइतकेच चपळ, पण सहा-सहा इंच उंच बचावपटू. बचावातली त्याची उणीव तिथे झाकली जाईना. तरी मला वाटतं, पाच वर्षं उशिरा जन्मला असता, लांबचे फटके हाच खेळाचा पाया झाल्यावर तिथे पोचला असता, तर कुठल्या तरी संघाने त्याच्यासाठी जागा बनवली असती. सिद्ध करता येत नाही, पण माझं मत आहे. मग शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क, खालची लीग. सरासरी सहा गुण.

मग तो शांघायला गेला आणि तिथे पुन्हा देव झाला. चीनचा दिग्गज बास्केटबॉलपटू याओ मिंगच्या मालकीच्या शांघाय शार्क्सकडून पहिल्याच मोसमात परदेशी खेळाडूंमधला सर्वोत्तम. २०१८मध्ये एका सामन्यात ७५ गुण. ग्रीसमध्ये एक वर्ष पनाथिनाइकोसकडून विजेतेपद. त्यानंतर तिघा-तिघांच्या अर्ध्या मैदानावरच्या प्रकारात अमेरिकेच्या संघातून २०२३मध्ये विश्वचषकात रौप्य, सँटियागोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण, आणि पस्तिसाव्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिक. तिथे दुसऱ्याच सामन्यात मांडीचा स्नायू फाटला. त्या प्रकारात संघात चारच माणसं असतात, बदली खेळाडू घेता येत नाही, त्यामुळे उरलेली स्पर्धा त्याचे साथीदार राखीवाशिवाय खेळले आणि हा बाकावरून त्यांना ओरडून धीर देत राहिला. ज्याचं जमलं नाही असं लिहिलं जातं, त्या माणसाने तेरा-चौदा वर्षं तीन खंडांत खेळून पोट भरलं, ऑलिम्पिक पाहिलं. कागदावरची सही त्याने पाळली.

पण मला सांगायचंय ते मार्च २०१९च्या एका रात्रीबद्दल.

चीनमधला मोसम आटोपून आलेल्या जिमरला फिनिक्स सन्सने मोसमाच्या शेवटच्या दिवसांसाठी घेतलं होतं, आणि लगेचच त्यांचा सामना सॉल्ट लेक सिटीत युटा जॅझशी होता. म्हणजे जिमर पाहुण्यांच्या संघात. सामना तसा एकतर्फी, जॅझ आरामात जिंकत होते. सन्सकडून डेव्हिन बुकरने त्या रात्री ५९ गुण केले. सभागृह मात्र दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होतं. बीवाययूचा ३२ क्रमांकाचा जुना निळा शर्ट घालून आलेली माणसं जागोजाग दिसत होती. जिमर उठून मैदानात आला तेव्हा यजमानांचे प्रेक्षक पाहुण्या संघातल्या राखीव खेळाडूसाठी उभे राहिले. त्याच्या हातात चेंडू गेला की सगळे ओरडायचे, मार! तो मारायचा. कडीवर आपटून बाहेर. पुन्हा मार! पुन्हा बाहेर. बहुतेक फटके चुकले. दर वेळी आवाज थोडा वाढतच गेला.

माहेरवाशीण आली की सासरी तिचं काय चाललंय हे विचारायच्या आधी माणसं तिला बसायला जागा करून देतात. त्या रात्री अठरा-एक हजार माणसं जिमरला जागा करून देत होती. चेंडू आत जाण्याशी त्याचा संबंध नव्हता. गेला असता तर आनंदच होता.

आज कॉलेजचा खेळ बदललाय. २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात आणि कॉलेज बदलणंही सोपं झालंय. याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. जिमरच्या नावाने विकल्या गेलेल्या तिकिटांतून आणि शर्टांतून त्याला काही मिळालं नाही, हे अन्यायाचंच होतं. आज तो असता तर दुसऱ्या वर्षानंतर कुठल्या तरी श्रीमंत कॉलेजने त्याला उचललं असतं, आणि त्याने जावं असंच मी म्हटलं असतं. पण मग कुठल्याही एका गावाने त्याला चार हिवाळे वाढताना पाहिलं नसतं. नव्या खेळात हे हरवलंय, आणि त्याची भरपाई कशी करायची हे मला सुचत नाही. बीवाययूकडेही आता एकेका वर्षासाठी येणारे अफाट गुणी खेळाडू असतात. मार्च २०२५मध्ये संघ पुन्हा शेवटच्या सोळांत पोचला, २०११नंतर पहिल्यांदाच, आणि योगायोग असा की या वेळीही पहिल्या दोन फेऱ्या डेन्व्हरलाच होत्या. महिन्याभरात जिमरची निवृत्ती आली.

आम्ही ओरम सोडलं त्याला आता बराच काळ झाला, तरी त्या रस्त्यावरच्या जुन्या मंडळींशी निरोपानिरोपी चालू असते. निवृत्तीनंतर तर ती थांबेचना. दातांच्या डॉक्टरांकडे काम करणारी एक मैत्रीण लिहिते, बर्फात रांगेत उभं असताना मागच्या अनोळखी माणसाने तिच्या मुलाच्या हातात स्वतःचे हातमोजे घातले. दुसऱ्या एकीला आठवतो तो सामन्यानंतर बराच वेळ मैदानाच्या कडेला उभं राहून पोरांच्या वह्यांवर सह्या करणारा जिमर. एक जण फक्त व्हरमाँटचा सामना, एवढंच लिहून गप्प झाला. तो मूळचा न्यूयॉर्क राज्यातला आहे. एनबीएचं नाव कुणी काढलं नाही. खरा वाद पेटला तो सगळ्यात मोठी रात्र कुठली यावर. एका बाजूचं म्हणणं ५२ गुणांची रात्र, विक्रमच आहे, पुढे बोलायचं काय?

माझं मत ४३च्या बाजूने, २६ जानेवारी २०११. सॅन डिएगो स्टेट वीस सामने खेळून एकही न हरलेला, देशात चौथा. बीवाययू नववा. त्यांच्याकडे तो कवाय लेनर्ड, तळहात एवढे मोठे की चेंडू त्यात संत्र्याएवढा दिसावा. त्यांचा बचाव देशातल्या उत्तमांपैकी, आणि सगळा जिमरसाठीच आखलेला. आजींच्या खुर्चीवरून मी पाहिलं, की तो रेषेच्या आसपास आला की दोन दोन जण त्याच्याकडे धावत होते. त्याने घाई केली नाही. एकदा उजव्या बाजूला त्याने तोच उशिराचा टप्पा टाकला, समोरचा फसला नाही, त्याने तोच टप्पा पुन्हा टाकला, तरी फसला नाही, आणि तिसऱ्यांदा टप्पा न टाकताच हा वर उठलेला होता. चेंडू अजून हवेत असतानाच आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने दोन्ही हात वर केले होते. ७१-५८. एनबीएचा तारा केविन ड्युरंटने त्याच रात्री ट्विटरवर लिहून टाकलं की जगात याच्यासारखा गुण करणारा दुसरा नाही. विद्यार्थी धावत मैदानात उतरले आणि आजोबा मला सारखे सांगत होते, "लक्षात ठेव हं, हे सगळं नीट लक्षात ठेव."

तेच आजोबा आता माझं म्हणणं साफ नाकारतात. त्यांची रात्र ४७ गुणांची. युटा विद्यापीठाच्या मैदानात जाऊन, त्यांच्याच लोकांसमोर, मध्यंतराच्या शिट्टीवर अर्ध्या मैदानातून तो चेंडू घातला, त्याच्यापुढे कवाय-बिवाय काही सांगू नकोस, असं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलंय.